पर्यावरणाचा इतिहास की शहराचा? प्राध्यापकीचा विचार करणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इतिहासातलं एम.ए. संपत आलंय, पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचं आहे, पर्यावरण आणि शहर या दोन्ही विषयांची ओढ आहे. मार्गदर्शक म्हणतात, दोन्हींपैकी एक काय ते ठरवा. विज्ञान शाळेनंतर सुटलंय. आणि असं मिश्र काम करणाऱ्याला नोकरी कोण देणार, याची धास्ती आहे.

मी बरीच वर्षं हाच विषय शिकवते आहे, प्रबंधांना मार्गदर्शन करते, निवड समित्यांवरही बसते. तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. त्यात पर्यावरण आहे, शहर आहे, पण एकही वस्तू नाही, जागा नाही, काळ नाही. खरी अडचण तिथे आहे. तुमच्याकडे आवड आहे आणि ती मोलाची आहे, पण प्रश्न अजून हाती आलेला नाही. मार्गदर्शकांनाही बहुधा हेच सुचवायचं असावं. ‘पर्यावरण की शहर’ याचा निकाल लावलात तरी उद्या सकाळी दफ्तरखान्यात जाऊन कोणता रुमाल (जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) सोडायचा, हे त्यातून कळणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्ही कोणत्या देशात शिकणार, पीएच.डी.च्या वर्षांत पैसे कुठून येणार, घरच्या जबाबदाऱ्या काय आहेत, दुसऱ्या गावी किंवा देशात जाऊन राहण्याची तयारी आहे का, यावर निम्मं गणित ठरतं. इतिहासाच्या कायम जागा कमी आणि पीएच.डी. झालेले उमेदवार जास्त, अशी स्थिती बहुतेक ठिकाणी आहे. नोकरीची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी सांगू शकते ते इतकंच, की कोणतं काम टिकतं, आणि निवड समितीसमोर ते कसं दिसतं.

या दोन विषयांमधली भिंत कशी उभी राहिली ते ठाऊक असलेलं बरं. अमेरिकेत पर्यावरणाच्या इतिहासकारांची संघटना १९७७ साली निघाली, नागरी इतिहासाची १९८८ साली. डोनाल्ड वुर्स्टर हे या क्षेत्रातलं मोठं नाव. त्यांनी १९९० साली अशी मांडणी केली की पर्यावरणाच्या इतिहासाने शेती आणि जमीन यांच्यावर भर द्यावा. त्यांच्या मते माणसाने बांधलेलं शहर हा संस्कृतीचा आविष्कार आहे, त्याचा अभ्यास करणारे इतर आहेतच. शहरांचा अभ्यास करणारे इतिहासकार मार्टिन मेलोसी यांनी १९९३ साली एका लेखातून त्याला उत्तर दिलं: शहर पाणी ओढतं, हवा बदलतं, कचरा बाहेर टाकतं, मग ते निसर्गाच्या इतिहासाबाहेर कसं राहील? आज हा वाद बराचसा निवळला आहे. पण विभागांच्या रचनेत, अभ्यासक्रमांत आणि कधीकधी मार्गदर्शकांच्या मनात ती भिंत अजून आहे. भारतीय पर्यावरण-इतिहासाची सुरुवातही जंगल आणि वनखात्यापासून झाली; शहराकडे लक्ष उशिरा गेलं. तुमच्यासारख्यांना करण्याजोगं काम त्यामुळेच भरपूर शिल्लक आहे.

आता तीन अभ्यासकांची वाटचाल बघा. मेलोसी यांचं सुरुवातीचं पुस्तक पर्ल हार्बरच्या राजकारणावर होतं. शहरी कचऱ्यावरचं त्यांचं पुस्तक १९८१ साली आलं. जोएल टार यांनी आधी शिकागोच्या एका राजकीय पुढाऱ्यावर लिहिलं, मग ते मैलापाणी, धूर आणि शहरातल्या घोड्यांकडे वळले आणि इंजिनिअरिंगवाल्या विद्यापीठात राहून त्यांनी या विषयाला आकार दिला. विल्यम क्रोनन यांचं पहिलं पुस्तक, १९८३ सालचं, न्यू इंग्लंडची जंगलं, शेतं आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर होतं. दुसरं, १९९१ सालचं, शिकागोवर. वरवर पाहता ही उडी वाटते. पण दोन्हीकडे प्रश्न तोच आहे: निसर्गातली वस्तू बाजारात विकाऊ माल होते तेव्हा जमिनीचं काय होतं? तिघांपैकी कुणीही सुरुवातीला पाटी रंगवून दुकान उघडलेलं नाही. एखादी वस्तू किंवा प्रश्न धरून ते निघाले आणि तो जिथे नेईल तिथे गेले.

म्हणून माझा सल्ला असा: एक पदार्थ निवडा. पाणी, मैला, धूर, गाळ, कोळसा, डास, बर्फ, चालेल ते. मग एक शहर आणि पन्नास-साठ वर्षांचा काळ निवडा आणि तो पदार्थ कुठून येतो, कुणाच्या हातातून जातो, कुठे साचतो, त्याचे पैसे कुणाला मिळतात आणि त्रास कुणाला होतो, एवढंच शोधत जा. पदार्थाला वॉर्डाची हद्द कळत नाही आणि शहराची वेसही कळत नाही. तो तुम्हाला शहराबाहेर नेणारच, आणि पर्यावरण की शहर हा पेच तिथे आपोआप मागे पडतो.

मैल्याचंच घ्या. एदोमध्ये, म्हणजे जुन्या टोकियोत, मैला हा विकाऊ माल होता. शेतकरी पैसे देऊन किंवा भाजीपाल्याच्या बदल्यात तो घेऊन जात आणि चाळीतल्या भाडेकरूंच्या मैल्यावर हक्क घरमालकाचा असे. लंडनमध्ये १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांना वास मारणाऱ्या चुन्याच्या क्लोराईडमध्ये भिजवलेले पडदे लावावे लागले. मग इंजिनिअर जोसेफ बॅझलगेट यांनी मोठी भुयारी गटारं बांधली आणि मैला शहराच्या पूर्वेला, खालच्या अंगाला, बेक्टन आणि क्रॉसनेसला नदीत सोडला. शहर सुटलं, पण मैला नदीतच राहिला. १८७८ साली ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही आगबोट टक्कर होऊन बुडाली ती त्या सोडजागांच्या जवळच. सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि पाण्यात किती मैला होता याची चर्चा त्यानंतर जोरात सुरू झाली. एका शहरात ज्याची किंमत होते तोच पदार्थ दुसऱ्या शहरात संकट का ठरतो? यात शेती आहे, मालमत्तेचा हक्क आहे, पाण्याचा नळ आहे, राज्यव्यवस्था आहे. हा प्रश्न पर्यावरणाचा की नागरी, हे कुणी विचारायलाही जात नाही.

प्रश्न मिळाल्यावर दुसरी कसोटी लगेच लावायची: याची कागदपत्रं आहेत का, आणि ती कुणी, कशासाठी लिहिली? माझ्या अनुभवात प्रबंध अडतात ते इथेच. विद्यार्थी सुंदर प्रश्न घेऊन येतात, पण कागद फक्त नगरपालिकेचे वार्षिक अहवाल. अहवालात सगळं सुरळीत चाललेलं असतं. भांडणाचे कागद शोधा. खटले, तक्रारी, नुकसानभरपाईचे दावे, चौकशी समितीपुढच्या साक्षी. लोक भांडतात तेव्हाच ते एरवी न लिहिलेल्या गोष्टी तपशिलात लिहून ठेवतात.

एक उदाहरण मी दर वर्षी वर्गात वाचून घेते. शिकागोचं सांडपाणी मिशिगन सरोवरात जायचं आणि शहर पिण्याचं पाणीही तिथूनच उचलायचं. म्हणून शहराने मोठा कालवा खोदला आणि १९०० साली शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. आता ते पाणी इलिनॉय नदीतून मिसिसिपीत आणि तिथून सेंट लुईसच्या दिशेने जाऊ लागलं. सेंट लुईस ज्या राज्यात आहे ते मिसुरी राज्य थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल १९०६ साली लागला, न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेला. त्यात एका प्रयोगाचा उल्लेख आहे: कालव्याच्या सुरुवातीला एका निरुपद्रवी जिवाणूची शंभराहून अधिक पिंपं ओतली गेली आणि मग ते जिवाणू शेकडो मैल खाली, सेंट लुईसच्या पाण्यात सापडतात का, हे तपासलं. काही सापडलेही. पण त्यावरून शिकागोचे विषमज्वराचे जंतू तिथवर जिवंत पोहोचतात, हे सिद्ध होतं का? न्यायालयाला ते पुरेसं वाटलं नाही. शिवाय मिसुरीतली गावंही आपलं सांडपाणी त्याच नदीत सोडत होती, हे त्यांच्याच विरोधात गेलं. मिसुरी हरलं.

विद्यार्थ्यांना मी विचारते, या खटल्यात इतिहासकाराला काय काय मिळालं? दोन शहरांचा पाणीपुरवठा. जंतूशास्त्र किती नवं होतं आणि न्यायाधीशाला ते कसं समजावलं गेलं. प्रदूषण सिद्ध करण्याचं ओझं कुणावर टाकलं गेलं. वरच्या अंगाच्या शहराची सोय हीच खालच्या अंगाच्या शहराची अडचण कशी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांच्या साक्षी, एकमेकांचं म्हणणं खोडून काढणाऱ्या. एका भांडणातून प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण उभं राहतं.

कागद अनपेक्षित जागी असतात, हेही लक्षात ठेवा. शिकागोचा व्यापार किती दूरवर पसरला होता हे दाखवायला क्रोनन यांनी १८७०च्या दशकातली दिवाळखोरीची कागदपत्रं वापरली. बुडालेल्या व्यापाऱ्याने कुठल्या गावच्या कुणाचं किती देणं ठेवलं, याच्या याद्या न्यायालयात पडून होत्या. त्या नकाशावर मांडल्यावर शहराची आर्थिक पोच डोळ्यांना दिसली. आगविम्याचे नकाशे, जमिनीची खरेदीखतं, इस्पितळांच्या नोंदवह्या, पंपिंग स्टेशनच्या रोजनिशा, हे सगळं असंच उपयोगी पडतं. इंजिनिअरचा अहवाल हातात आला की मी आधी परिशिष्टं वाचते. मुख्य मजकुरात योजना असते. परिशिष्टात खर्चाचे तक्ते, नाकारलेले पर्याय आणि विरोध करणाऱ्यांची पत्रं असतात.

आता नोकरीचं. जाहिरात ‘पर्यावरण आणि नागरी इतिहास’ अशा नेमक्या शब्दांत निघण्याची वाट पाहाल तर खूप थांबावं लागेल. बहुतेक जागा प्रदेश आणि काळ सांगून निघतात: आधुनिक दक्षिण आशिया, एकोणिसाव्या शतकातला युरोप, वसाहतकाळ. निवड समितीत बसलेल्या पाच-सहा जणांपैकी तुमच्या क्षेत्रातलं कुणी असेलच असं नाही. त्यांना आधी हे पाहायचं असतं की त्या प्रदेशाचा आणि काळाचा पूर्ण अभ्यासक्रम तुम्ही शिकवू शकता का. राज्यसत्ता, शेती, समाजरचना, चळवळी, सगळं. त्यानंतर तुमचं गटार किंवा धूर हा त्यांना तुमचा वेगळेपणा वाटतो. क्रम उलटा झाला, म्हणजे उमेदवार फक्त गटारावरच बोलू शकतो असं दिसलं, तर चांगला प्रबंधही मागे पडतो. म्हणून पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापासून सर्वसाधारण इतिहासाचं वाचन चालू ठेवा आणि संधी मिळेल तेव्हा प्रास्ताविक अभ्यासक्रम शिकवा. नागरी इतिहासाचा एक आणि पर्यावरण-इतिहासाचा एक असे दोन अभ्यासक्रम आठवडावार आखून तयार ठेवा. मुलाखतीत ‘आमच्याकडे काय शिकवाल?’ हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो, आणि तयारी नसली की ते लगेच कळतं.

मिश्र काम नोकरीत आड येतं का? अर्धवट मिश्र काम येतं. ज्या प्रबंधात तीन प्रकरणं शहरनियोजनावर आणि शेवटचं एक ‘पर्यावरणीय पैलू’ या मथळ्याखाली असतं, तो दोन्हीकडच्या वाचकाला अपुरा वाटतो. जिथे एकच पदार्थ सगळ्या प्रकरणांतून वाहतो, तिथे हा आक्षेप उरत नाही. उलट भूगोल, नियोजन, सार्वजनिक आरोग्य, पर्यावरण अभ्यास अशा विभागांतही अर्ज करता येतो. तिथे मात्र अपेक्षा वेगळ्या असतात: पुस्तकापेक्षा शोधनिबंध, एकट्यापेक्षा गटाने केलेलं काम. तिकडे जायचं मनात असेल तर एखादा निबंध त्या विषयाच्या नियतकालिकात छापून आलेला असावा.

विज्ञानाची भीती मला समजते, पण ती चुकीच्या जागी आहे. तुम्हाला जलशास्त्रज्ञ व्हायचं नाही. दोन प्रकारचं ज्ञान लागतं. एक, आज आपल्याला काय माहीत आहे, हे जाणकाराला विचारून नीट समजून घेण्याइतपत. दुसरं आणि अधिक अवघड, त्या काळच्या लोकांना काय माहीत होतं आणि ते कशावर विश्वास ठेवत होते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. प्लेगचा जिवाणू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडलेला होता. तरीही १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा न्यासाने, म्हणजे शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या संस्थेने, दाट वस्त्या पाडल्या आणि समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले. रोग कोंदट हवेतून होतो, ही जुनी समजूत नव्या शोधासोबतच नांदत होती, आणि प्लेग पसरवण्यातली पिसवांची भूमिका तर त्याच सुमारास नुकती मांडली जात होती. आजचं विज्ञान हातात घेऊन ‘ते चुकले’ एवढंच म्हणाल तर इतिहास झाला नाही. कुणाची घरं पाडायला ती समजूत सोयीची होती, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला तुमचं इतिहासाचं शिक्षण पुरेसं आहे. नकाशा-सॉफ्टवेअर तेवढं जरूर शिका. एका उन्हाळ्यात जमतं आणि आयुष्यभर उपयोगी पडतं.

पुढच्या टप्प्यांबद्दल थोडक्यात. प्रबंध म्हणजे पुस्तक नव्हे; पुस्तक करताना तो बहुतेक नव्याने लिहावा लागतो, त्याला काही वर्षं धरा. दरम्यान तात्पुरत्या नेमणुका, पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम), वर्षावर्षाची कंत्राटं, हा काळ सगळ्यात कष्टाचा. त्यात शिकवण्याचा भार इतका असतो की लेखन बाजूला पडतं. आठवड्याचे काही तास कुणालाही न देता लेखनासाठी राखून ठेवणारे यातून बरे निघतात, असं मी पाहिलं आहे. दुसऱ्या पुस्तकाचा विषय पहिलं छापून होण्याआधीच मनात असू द्या, मुलाखतीत तोही विचारतात.

विद्यापीठाबाहेरच्या कामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तेही आता या पेशाचा भाग आहे. अमेरिकेतल्या नियागरा फॉल्सजवळचं लव्ह कॅनॉल प्रकरण तुम्ही वाचलं असेल. एका रसायन कंपनीने जुन्या कालव्यात घातक कचरा पुरला आणि १९५३ साली ती जमीन शाळा मंडळाला १ डॉलरला विकली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेख होता आणि पुढच्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर नाही, असंही लिहिलेलं होतं. तिथे शाळा झाली, भोवती घरं होती, आणि १९७८ साली आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. त्यानंतर १९८० साली अमेरिकेत दूषित जागा साफ करण्याचा कायदा आला, आणि कुठल्या जागेवर कुणी, केव्हा, काय पुरलं हे जुन्या कागदांतून शोधायला वकिलांना इतिहासकारांची गरज भासू लागली. असं काम पैसे देतं आणि एरवी न दिसणारे कागद दाखवतं. पण करारात दोन गोष्टी आधी बघा: निष्कर्ष कुणी बदलू शकतं का, आणि सापडलेलं पुढे छापायची मोकळीक आहे का. दोन्हींची समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत तर नकार द्या, कितीही मोबदला असला तरी. प्रदूषणाच्या प्रकरणात कुणाचं तरी घर, कुणाची तरी तब्येत पणाला लागलेली असते, आणि आपल्या अहवालाचा उपयोग त्यांच्या विरोधातही होऊ शकतो.

मार्गदर्शकांना पुन्हा भेटण्याआधी एवढं करा. महिनाभर जवळच्या दफ्तरखान्यात किंवा संकेतस्थळावर उपलब्ध असलेल्या संग्रहात बसा. आराखडा लिहायला घेऊ नका, फक्त पाण्यावरची, गटारावरची किंवा धुरावरची भांडणं शोधा. एखादी तक्रार अशी मिळेल की तिला आलेलं उत्तर वाचून तुम्हाला चीड येईल किंवा कोडं पडेल. ती तक्रार, ते उत्तर, त्याखालची तारीख आणि त्यानंतरचा कागद तुम्हाला कुठे मिळेल असं वाटतं, हे सगळं एका पानावर लिहा. ते पान घेऊन जा. तुमचा विषय नागरी की पर्यावरणीय, हे मार्गदर्शकांना ठरवू द्या.